रंग ओळखता येईनात म्हणून चित्रकला सुटली, पण काळ्या रेघांच्या जोरावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला

रहाटणीत आमच्या गल्लीच्या टोकाला एक छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि सततचा घर्रर्र आवाज. भोसरी-चाकणच्या कंपन्यांचं जॉबवर्क इथं येतं. मागच्या पावसाळ्यात तिथल्या टेबलावर लोखंडी ठोकळ्यांचा ढीग पडलेला दिसला. सगळे चकाचक, सगळे मापात आणि सगळे भंगारात जाणारे. कारण काय, तर भोक डाव्या बाजूला पाहिजे होतं आणि ते पडलं उजव्या बाजूला.

गंमत म्हणजे ड्रॉइंग बरोबर होतं आणि मशीनही बरोबर होतं. गडबड झाली होती ती ड्रॉइंग वाचताना.

इंजिनिअरिंग ड्रॉइंग ही एक भाषा आहे. तिला लिपी आहे, व्याकरण आहे आणि व्याकरण चुकलं की थेट खिशाला चाट बसते. एकेकाळी मुंबईत ही भाषा शिकवणारे एक मराठी मास्तर होते. पुढे त्यांचं नाव नांगरावर, पंपावर आणि इंजिनावर छापलं गेलं.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

किर्लोस्करवाडीची गोष्ट आपल्याकडे बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. पण लक्ष्मणरावांचा पहिला पेशा ड्रॉइंग मास्तरचा होता, हे मात्र गोष्ट सांगताना एका ओळीत उरकलं जातं. आज त्या एका ओळीतच जरा थांबू.

रंगांनी दगा दिला

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा. गाव बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. पोराचं शाळेच्या पुस्तकात लक्ष लागायचं नाही. त्याला ओढ दोनच गोष्टींची, चित्रं काढायची आणि यंत्रं बघायची. थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये सोळा वर्षांचे लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोन वर्षं सगळं ठीक चाललं आणि मग एक गोष्ट लक्षात आली. लक्ष्मणरावांच्या डोळ्यांना काही रंगांमधला फरकच कळत नव्हता. आजच्या भाषेत सांगायचं तर ते अंशतः कलरब्लाइंड होते. हात कितीही सफाईदार असला तरी अशा माणसाला चित्रकार होणं अवघडच. घर सोडून, भावाच्या पैशावर मुंबईत आलेल्या पोरासाठी हा केवढा धक्का असेल याचा विचार करा.

पण लक्ष्मणराव गावी परतले नाहीत. त्यांनी विषय बदलला आणि मेकॅनिकल ड्रॉइंग शिकायला घेतलं. त्यात ते इतके तयार झाले, की मुंबईत १८८७ मध्ये सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, त्यांना मेकॅनिकल ड्रॉइंगचे सहायक शिक्षक म्हणून नोकरी मिळाली. तेव्हा ही संस्था भायखळ्याला होती.

मास्तर शिकवायचे ते नेमकं काय?

चित्रकार वस्तू काढतो ती डोळ्यांना दिसते तशी. लांबची बाजू लहान, जवळची मोठी. भिंतीवर लावायला हे छान, पण कारागिराला त्यावरून माप घेता येत नाही. त्याला प्रत्येक बाजू आहे तशी, सरळ समोरून बघितलेली हवी असते.

यावर पक्का तोडगा काढला गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञानं. १८ व्या शतकात मेझिएरच्या लष्करी शाळेत किल्ल्यांचे आराखडे करताना त्यानं एक पद्धत बसवली. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून समोरच्या पडद्यावर आणि खालच्या पडद्यावर सरळ काटकोनात रेषा टाकायच्या आणि मग दोन्ही पडदे उलगडून एकाच कागदावर आणायचे. ही पद्धत इतकी कामाची निघाली की फ्रेंच लष्करानं ती बरीच वर्षं गुपित ठेवली. १७९५ मध्ये मोंजनं ती पॅरिसमध्ये उघडपणे शिकवली आणि तिथून ती जगभर गेली.

आजचे फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू आणि साइड व्ह्यू हे त्याच घराण्यातले. आता प्रश्न असा, की हे व्ह्यू कागदावर मांडायचे कुठे? इथं दोन पद्धती आहेत.

फर्स्ट अँगलमध्ये वस्तू बघणारा आणि पडदा यांच्या मध्ये असते. भिंतीवर सावली पडावी तसं. त्यामुळे वरून दिसणारा व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली येतो आणि डावीकडून दिसणारा व्ह्यू उजवीकडे काढतात.

थर्ड अँगलमध्ये पडदा मध्ये असतो. काचेच्या पेटीत वस्तू ठेवून बाहेरून काचेवर गिरवावी तसं. त्यामुळे वरचा व्ह्यू वर आणि डावीकडचा डावीकडे.

ब्रिटनमध्ये तेव्हा फर्स्ट अँगल चालायचा. अमेरिका १९ व्या शतकाच्या शेवटाकडे थर्ड अँगलकडे वळली. भारतीय मानक ब्युरोचं एसपी ४६ हे मानक आजही फर्स्ट अँगलच वापरायला सांगतं. पण पुण्याच्या पट्ट्यात अमेरिकी, जपानी, जर्मन अशा सगळ्यांचीच कामं येतात, त्यामुळे एकाच टेबलावर दोन्ही पद्धतींची ड्रॉइंग असतात. म्हणून ड्रॉइंगच्या कोपऱ्यात टोक कापलेला शंकू आणि एकात एक दोन वर्तुळं असं चिन्ह असतं. वर्तुळं उजवीकडे असली की फर्स्ट अँगल, डावीकडे असली की थर्ड अँगल.

आमच्या गल्लीतला घोळ इथंच झाला होता. ड्रॉइंग फर्स्ट अँगलचं. उजवीकडे काढलेल्या व्ह्यूमध्ये भोक दिसलं, म्हणून पोरानं ते ठोकळ्याच्या उजव्या बाजूला पाडलं. प्रत्यक्षात तो व्ह्यू डाव्या बाजूचा होता.

रेघ जाड का आणि तुटक का?

तरीही तो घोळ टळला असता. फ्रंट व्ह्यूमध्ये डाव्या बाजूला दोन तुटक रेघा होत्या. तुटक रेघ म्हणजे आतली, बाहेरून न दिसणारी कड. भोक डावीकडूनच आत जातंय, असं त्या रेघा सांगत होत्या. फक्त त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही.

ड्रॉइंगमध्ये प्रत्येक रेघेला अर्थ असतो. जाड सलग रेघ म्हणजे डोळ्यांना दिसणारी कड. बारीक सलग रेघ मापं दाखवायला. एक लांब, एक आखूड अशी बारीक साखळी म्हणजे सेंटर लाइन, वस्तूचा किंवा भोकाचा मध्य. वस्तू कापून आतलं दाखवायचं असेल तर कापलेल्या भागावर तिरप्या रेघा, म्हणजे हॅचिंग.

आता लक्ष्मणरावांकडे परत येऊ. त्यांच्या तरुणपणी मशीनच्या ड्रॉइंगमध्येही रंग असायचे. बीड, पोलाद, पितळ ओळखू यावं म्हणून वेगवेगळे रंग भरत, सेंटर लाइन लाल शाईनं काढत. पण आकार आणि माप सांगायचं काम रेघच करायची, रंग फक्त सोबतीला.

पुढे तेही राहिलं नाही. ब्लूप्रिंट आली. निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा, बाकी काही नाही. नक्कल काढताना रंग उतरेनात, म्हणून धातू ओळखायचं कामही हॅचिंगकडे गेलं. म्हणजे ज्या गोष्टीमुळे लक्ष्मणरावांची चित्रकला सुटली, तिची गरजच या क्षेत्रातून हळूहळू संपत गेली.

बढती गेली, नोकरी सोडली

इन्स्टिट्यूटमध्ये शिकवून झालं की लक्ष्मणराव वर्कशॉपमध्ये जायचे. मशीन चालवून बघायचे, खोलून बघायचे. कागदावरची रेघ लोखंडात कशी उतरते, हे ते स्वतःच्या हातानं शिकले.

जोडीला धंदाही सुरू होता. १८८८ पासून ते मुंबईतून सायकली पाठवायचे आणि रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे. दुकानाची पाटी होती किर्लोस्कर ब्रदर्स.

मग बढतीची वेळ आली. काम लक्ष्मणरावांचं चोख होतं, पण जागा मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. इंग्रजी अमलात हे काही नवीन नव्हतं, पण लक्ष्मणरावांनी ते गिळलं नाही. १८९७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

तिथं त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र केलं आणि मग लोखंडी नांगर हाती घेतला.

नांगर ऐकायला साधा वाटतो, पण माती उलटवणारा त्याचा वाकडा भाग कागदावर उतरवणं हे ड्रॉइंगचं अवघड गणित आहे. त्यात ओतकाम आलं की आणखी एक भानगड. बीड थंड होताना आकसतं, मीटरला साधारण १० मिलिमीटर. म्हणून लाकडाचा पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. शिवाय फाळ झिजणार, शेतकरी दुसरा मागणार आणि तो जुन्या नांगराला बिनचूक बसला पाहिजे. सुताराच्या अंदाजावर हे जमत नाही. त्याला ठरलेलं माप लागतं आणि ते माप सांभाळून ठेवणारा कागद लागतो.

नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडानं जमीन विषारी होते असा समज होता. पहिले नांगर विकायला दोनेक वर्षं गेली.

निवडुंगाच्या माळावर

जरा बस्तान बसतंय तोवर बेळगावच्या नगरपालिकेला वस्ती वाढवायला कारखान्याची जागा हवी झाली. सगळं उचलून जायचं तर कुठं?

मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. ते स्वतः चित्रकार होते. औंधला यमाई देवीच्या सभामंडपाचं काम लक्ष्मणरावांनी घेतलं होतं, त्यामुळे ओळख होतीच. राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचं कर्ज दिलं. माळावर निवडुंग आणि साप, पाण्याची बोंब. तिथं १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडी सुरू झाली.

सोबतीला शिकलेले इंजिनिअर नव्हते. शंभूअण्णा जांभेकरांसारखी माणसं होती, ज्यांचं शाळेशी फारसं जमलं नव्हतं आणि जी इथं काम करता करता इंजिनिअर झाली. ड्रॉइंगची भाषा येणारा मास्तर स्वतः कारखान्याचा मालक असल्याचा फायदा इथं दिसतो. पदवी नसलेल्या माणसालाही रेघ वाचायला शिकवता येते.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणं थांबलं, नांगरांची मागणी वाढली आणि लोखंड-कोळशाची टंचाईही झाली. त्यातून कारखाना तरला आणि १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. १९२२ मध्ये मुलगा शंतनुराव अमेरिकेला एमआयटीत गेले आणि १९२६ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परतले. वडील फर्स्ट अँगलच्या ब्रिटिश मुलुखात शिकवलेले, मुलगा थर्ड अँगलच्या अमेरिकेत शिकलेला. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. एमआयडीसीची स्थापना त्यानंतर १६ वर्षांनी, १९६२ ची. पिंपरी-चिंचवडमध्ये कारखान्यांची रांग लागली ती त्यानंतरच.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीला टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकीट काढलं. पुण्यात मॉडेल कॉलनीतला लकाकि रस्ता तुम्हाला माहीत असेल. ल म्हणजे लक्ष्मणराव, का म्हणजे काशिनाथ आणि कि म्हणजे किर्लोस्कर.

आमच्या गल्लीतल्या त्या पोराचं काय झालं? मालकानं त्याला काढलं नाही. आता ड्रॉइंग मोबाइलवर आलं की तो आधी झूम करून कोपऱ्यातला शंकू बघतो, मग तुटक रेघा मोजतो आणि त्यानंतरच मशीन सुरू करतो.