कुर्ट श्विटर्स

कुर्ट श्विटर्स (जन्म : हानोफर, २० जून १८८७, मृत्यू : केंडल, इंग्लंड, ८ जानेवारी १९४८) हे जर्मन चित्रकार, कोलाजकार, कवी, मुद्राक्षररचनाकार व जाहिरात-आरेखक होते. ट्रामची तिकिटे, वेष्टने, पाकिटे, वर्तमानपत्रांचे तुकडे, तारा, खिळे, लाकडाच्या ढलप्या अशा टाकाऊ वस्तूंपासून त्यांनी रचलेली मिश्र माध्यमातील चित्रे 'मेर्त्स' या नावाने ओळखली जातात. विसाव्या शतकातील कोलाजकलेच्या विकासात त्यांचे स्थान अग्रगण्य मानले जाते. मात्र हयातीत त्यांना या कोलाजांवर पोट भरता आले नाही. घरभाडे, जाहिरातींची कामे, निसर्गचित्रे आणि व्यक्तिचित्रे यांच्या आधारावर त्यांनी आपली स्वतंत्र कला जवळजवळ तीन दशके चालू ठेवली.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

श्विटर्स यांचा जन्म एका सुस्थितीतील व्यापारी कुटुंबात झाला. वडील एडुआर्ट व आई हेन्रिएटे यांचे हानोफरमध्ये स्त्रियांच्या तयार कपड्यांचे दुकान होते. १८९८ मध्ये त्यांनी ते विकले आणि आलेल्या पैशातून शहरात घरे विकत घेतली. पुढे या घरांचे भाडे हाच कुटुंबाच्या उत्पन्नाचा मुख्य स्रोत झाला. बालवयातच कुर्ट यांना अपस्माराचा विकार जडला. त्यामुळे पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांना लष्करी सेवेतून सूट मिळाली.

हानोफरच्या कला व हस्तकला विद्यालयात काही काळ शिकल्यानंतर १९०९ ते १९१५ या काळात त्यांनी ड्रेस्डेनच्या कला अकादमीत शिक्षण घेतले. तेथील शिक्षण पूर्णतः पारंपरिक वळणाचे होते. या काळात त्यांनी कमावलेला व्यक्तिचित्रणाचा आणि निसर्गचित्रणाचा हात पुढे परागंदा अवस्थेत त्यांच्या उपजीविकेचे साधन ठरला. ऑक्टोबर १९१५ मध्ये त्यांचा हेल्मा फिशर यांच्याशी विवाह झाला. त्यांचा पहिला मुलगा जन्मानंतर थोड्याच दिवसांत दगावला. दुसरा मुलगा एर्न्स्ट याचा जन्म नोव्हेंबर १९१८ मध्ये झाला.

१९१७ मध्ये त्यांना काही महिने लष्करी कचेरीत काम करावे लागले. त्यानंतर हानोफरजवळच्या व्युल्फेल येथील लोखंडाच्या कारखान्यात त्यांनी तांत्रिक आरेखक म्हणून नोकरी केली. यंत्रांची चाके व त्यांचे दाते यांच्याशी तेथे आलेला संबंध त्यांच्या नंतरच्या चित्रांत वारंवार दिसतो.

'मेर्त्स'चा उदय

युद्धाच्या अखेरीस जर्मनीत राजसत्ता कोसळली आणि टंचाई व अस्थिरता पसरली. मोडलेल्या जगाच्या अवशेषांतूनच नवे काही उभारता येईल, अशी श्विटर्स यांची धारणा या काळात झाली. १९१८ मध्ये बर्लिन येथील हेर्वार्ट वाल्डेन यांच्या 'देर श्टुर्म' या कलादालनात त्यांची चित्रे प्रथम मांडली गेली. त्याच सुमारास त्यांनी कोलाज करण्यास सुरुवात केली. १९१९ मध्ये केलेल्या एका जोडचित्रात एका बँकेच्या जाहिरातीचा कापलेला तुकडा होता. बँकेच्या नावातील 'कोमेर्त्स', म्हणजे व्यापार, या शब्दाचे शेवटचे 'मेर्त्स' हे अक्षरद्वय तेवढे त्यात शिल्लक राहिले होते. स्वतः अर्थ नसलेला हा शब्द त्यांनी प्रथम त्या चित्राला, मग आपल्या सर्व चित्रांना आणि पुढे कविता, नियतकालिक, जाहिरात संस्था व वास्तुरचना यांनाही दिला.

बर्लिनमधील दादा चळवळीशी त्यांचे नाते गुंतागुंतीचे होते. राउल हाउसमान व हाना ह्योख या दादावाद्यांशी त्यांची मैत्री जमली. परंतु राजकीयदृष्ट्या आक्रमक असलेल्या बर्लिन गटाने, विशेषतः रिखार्ड ह्युल्झेनबेक यांनी, त्यांना आपल्यात सामावून घेतले नाही. श्विटर्स यांचा भर राजकीय घोषणेपेक्षा चित्राच्या रचनेवर होता. त्यामुळे ते हानोफरमध्येच राहून एकट्याने काम करीत राहिले.

रचनापद्धती

श्विटर्स रस्त्यावर, कचऱ्यात आणि छापखान्यांच्या रद्दीत सापडलेले साहित्य जमा करीत. कोलाज करताना ते आधार-कागदावर पिठाची पातळ खळ पसरत. ती ओली असतानाच कागदाचे तुकडे तिच्यावर इकडेतिकडे सरकवून, फिरवून ते योग्य जागा शोधत आणि लहान कपटे बोटांनी दाबून बसवत. रंग, पोत, जाडी व छापील अक्षरांची दिशा यांचा तोल साधेपर्यंत ही हलवाहलव चाले. तिकिटावरील मजकुराला किंवा बिलावरील आकड्याला चित्रात मूळ अर्थापेक्षा रंग व आकार म्हणून अधिक महत्त्व मिळे. तरीही तारखा, गावांची नावे व भाव वाचता येत असल्याने ही चित्रे त्या काळाची नोंदवहीही ठरली.

लाकूड, पत्रा, जाळी, चाके अशा वस्तू खिळ्यांनी ठोकून त्यांवर तैलरंग चढवलेली मोठी जोडचित्रे ही 'मेर्त्सचित्रे' होत. कागदाच्या छोट्या कोलाजांना ते 'मेर्त्स-रेखाटने' म्हणत. ही कोलाज पुठ्ठ्यावर डकवून त्याखाली ते क्रमांक, शीर्षक, सही व वर्ष लिहीत. कचऱ्यातून आलेल्या कागदाला अशा रीतीने संग्रहात ठेवण्याजोग्या कलाकृतीचे रूप मिळे.

प्रसिद्धी व विक्री

१९१९ मध्ये हानोफरचे प्रकाशक पाउल श्टेगेमान यांनी 'आना ब्लुमे' हा त्यांचा कवितासंग्रह काढला. त्यातील शीर्षककविता शहरातील जाहिरातस्तंभांवर लावली गेली. पुस्तकाची चांगलीच चर्चा झाली आणि श्विटर्स एकाच वेळी प्रसिद्ध व टीकेचे धनी झाले. १९२० मध्ये अमेरिकन संग्राहक कॅथरीन ड्रायर यांनी बर्लिनमध्ये त्यांची चित्रे पाहिली. त्यांनी ती विकत घेतली आणि आपल्या संस्थेमार्फत अमेरिकेत मांडली. त्यामुळे त्यांच्या कोलाजांना युरोपाबाहेर एक लहान पण जाणता ग्राहकवर्ग मिळाला.

आपली कला लोकांपर्यंत नेण्यासाठी श्विटर्स केवळ कलादालनांवर विसंबून राहिले नाहीत. १९२३ च्या आरंभी त्यांनी थिओ फान डूसबर्ग यांच्याबरोबर नेदरलँड्समध्ये दादा संध्यांचा दौरा केला. त्याच वर्षी त्यांनी 'मेर्त्स' हे नियतकालिक सुरू केले. ते अनियमितपणे १९३२ पर्यंत निघत राहिले. त्याचा एक अंक सहा शिळामुद्रांच्या संचाच्या रूपात केवळ ५० प्रतींत काढण्यात आला, तर दुसरा एक अंक ग्रामोफोनची ध्वनिमुद्रिका होता. 'उरसोनाटे' ही अर्थहीन ध्वनींची दीर्घ रचना शेवटच्या अंकात प्रसिद्ध झाली. तिची मुद्राक्षररचना यान चिखोल्ड यांनी केली होती.

नियमित मिळकतीसाठी १९२४ मध्ये त्यांनी 'मेर्त्स' नावानेच जाहिरात संस्था काढली. शाई व लेखनसाहित्य बनवणारी 'पेलिकान' ही हानोफरची कंपनी तिच्या ग्राहकांपैकी एक होती. १९२९ ते १९३४ या काळात त्यांनी हानोफर नगरपालिकेच्या छापील साहित्याची मुद्राक्षररचना केली. कोलाज करताना अंगवळणी पडलेली अक्षरे, रिकामी जागा व तिरक्या रेषा यांची जाण त्यांना या कामात उपयोगी पडली. उलट, या कामातून उरलेले छापील कागद त्यांच्या कोलाजांत जात.

मेर्त्सबाऊ

१९२३ च्या सुमारास श्विटर्स यांनी हानोफर येथील वाल्डहाउझेनश्ट्रासे ५ या राहत्या घरात एक रचना सुरू केली. सापडलेल्या वस्तूंचे स्तंभ एकमेकांना जोडत, त्यांवर लाकूड व प्लास्टरचे पांढरे कोनाकृती आकार चढवत ती भिंती व छतापर्यंत वाढत गेली. तिच्या पोकळ्यांत मित्रांच्या वस्तू व स्मृतिचिन्हे ठेवलेली होती. 'मेर्त्सबाऊ' नावाची ही वास्तुरचना विकता येण्याजोगी नव्हती आणि घराबाहेर नेताही येत नव्हती. श्विटर्स तिला आपले जीवितकार्य मानत.

नाझी राजवट व नॉर्वे

१९३३ नंतर आधुनिक कलेवर बंधने आली. श्विटर्स यांची नगरपालिकेची कामे थांबली आणि चित्रे मांडण्याच्या संधी नाहीशा झाल्या. १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने दोन महत्त्वाच्या प्रदर्शनांत त्यांच्या कलाकृती मांडल्या. परंतु त्यांच्या स्वतःच्या देशात परिस्थिती झपाट्याने बिघडत होती. मुलगा एर्न्स्ट डिसेंबर १९३६ मध्ये नॉर्वेला गेला. गेस्टापोचे लक्ष आपल्याकडे वळल्याचे ध्यानात येताच जानेवारी १९३७ च्या आरंभी श्विटर्सही तेथे गेले. घरे व भाड्याचे उत्पन्न सांभाळण्यासाठी हेल्मा हानोफरमध्येच थांबल्या. त्याच वर्षी म्युनिक येथे भरलेल्या 'अधःपतित कला' या प्रदर्शनात श्विटर्स यांची चित्रे हेटाळणीसाठी टांगण्यात आली. 'मेर्त्स' हे नाव ज्या चित्रावरून आले, तेही त्यांत होते. त्यानंतर त्या चित्राचा पत्ता लागला नाही.

नॉर्वेत ते ऑस्लोजवळील लिसाकर येथे राहू लागले आणि तेथे त्यांनी दुसरा मेर्त्सबाऊ उभारण्यास प्रारंभ केला. उन्हाळ्यात ते मोल्डेजवळील येर्टोया बेटावरील झोपडीत व फ्योर्डच्या प्रदेशात राहत आणि पर्यटकांना निसर्गचित्रे विकत. कोलाजांना तेथे गिऱ्हाईक नव्हते. हेल्मा अधूनमधून नॉर्वेत येऊन राहत. जून १९३९ मध्ये ऑस्लो येथे झालेल्या कौटुंबिक समारंभानंतर मात्र पतिपत्नींची पुन्हा भेट झाली नाही.

स्थानबद्धता व लंडन

एप्रिल १९४० मध्ये जर्मन सैन्याने नॉर्वेवर आक्रमण केले. श्विटर्स, एर्न्स्ट व सून एस्थर यांनी उत्तरेकडे पळ काढला आणि 'फ्रित्योफ नान्सेन' या बर्फफोडी जहाजातून ते जूनमध्ये स्कॉटलंडला पोहोचले. शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून ब्रिटिश सरकारने त्यांना स्थानबद्ध केले. जुलै १९४० ते नोव्हेंबर १९४१ या काळात ते आइल ऑफ मॅनवरील हचिन्सन छावणीत होते. अनेक कलावंत व विद्वान तेथे बंदिस्त होते. श्विटर्स यांनी एका माळ्यावर चित्रशाळा थाटली. कॅनव्हास मिळत नसल्याने ते जमिनीवरच्या लिनोलियमच्या तुकड्यांवर रंगवत आणि उरलेल्या ओटच्या लापशीपासून शिल्पे करीत. सहबंदिवानांची व्यक्तिचित्रे काढून त्यांनी थोडाफार पैसाही मिळवला. या अवधीत त्यांनी दोनशेहून अधिक कलाकृती केल्या.

सुटकेनंतर ते लंडनमध्ये राहू लागले. तेथे त्यांची ओळख एडिथ टॉमस यांच्याशी झाली. पुढे त्याच त्यांच्या अखेरपर्यंतच्या सहचारिणी ठरल्या. ऑक्टोबर १९४३ मध्ये हानोफरवर झालेल्या ब्रिटिश हवाई हल्ल्यात मेर्त्सबाऊ नष्ट झाला. एप्रिल १९४४ मध्ये श्विटर्स यांना पक्षाघाताचा झटका आला. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला हेल्मा यांचे कर्करोगाने निधन झाले. ही बातमी त्यांना डिसेंबरमध्ये कळली. याच डिसेंबर महिन्यात लंडनच्या मॉडर्न आर्ट गॅलरीत त्यांचे एकल प्रदर्शन भरले. समीक्षक हर्बर्ट रीड यांनी त्याच्या सूचीला प्रस्तावना लिहिली होती. मांडलेल्या सुमारे ४० कलाकृतींची किंमत १५ ते ४० गिनी ठेवण्यात आली होती. त्यांतील केवळ एक विकली गेली.

अखेरची वर्षे

जून १९४५ मध्ये श्विटर्स व एडिथ उत्तर इंग्लंडच्या सरोवर प्रदेशातील अँबलसाइड या गावी गेले. तेथे डोंगर, पूल व घरे यांची चित्रे पर्यटकांना विकून आणि गावकऱ्यांची व्यक्तिचित्रे काढून त्यांनी उदरनिर्वाह केला. मिळकत तुटपुंजी होती. प्रकृतीही सतत ढासळत होती. तरीही कोलाज थांबले नाहीत. अमेरिकेतील स्नेह्यांकडून टपालाने येणाऱ्या पार्सलांची वेष्टने, मासिके व चित्रकथांची पाने त्यांत आली. १९४७ मधील 'काटेसाठी' या कोलाजमध्ये त्यांनी चित्रकथांतील आकृत्या वापरल्या. पुढे उदयास आलेल्या पॉप कलेची पूर्वखूण म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.

जून १९४७ मध्ये, साठाव्या वाढदिवसाच्या सुमारास, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाकडून त्यांना १,००० पौंडांचे अर्थसाहाय्य जाहीर झाले. हानोफरचा मेर्त्सबाऊ दुरुस्त करण्यापलीकडे गेलेला होता. त्यामुळे या रकमेच्या आधारे त्यांनी एल्टरवॉटरजवळ हॅरी पियर्स यांच्या जागेतील दगडी कोठारात नवी रचना सुरू केली. आजारी असतानाही ते बसने तेथे जात. एक भिंत अर्धीअधिक झाली असताना काम थांबले. ब्रिटिश नागरिकत्व मंजूर झाल्याची वार्ता आल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, ८ जानेवारी १९४८ रोजी, केंडलच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. अँबलसाइडच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात त्यांना पुरण्यात आले. १९७० मध्ये त्यांचे अवशेष हानोफरच्या एंगेझोडे दफनभूमीत हलवण्यात आले.

वारसा

लिसाकर येथील रचना १९५१ मध्ये आगीत जळाली. एल्टरवॉटरच्या कोठारातील भिंत मात्र १९६५ मध्ये अखंड काढून न्यूकॅसल येथील हॅटन गॅलरीत नेण्यात आली. हानोफरच्या श्प्रेंगेल संग्रहालयात त्यांच्या कलाकृतींचा मोठा संग्रह असून, जुन्या छायाचित्रांच्या आधारे १९८० च्या दशकाच्या आरंभी घडवलेली मेर्त्सबाऊची प्रतिकृतीही तेथे आहे. २०१३ मध्ये लंडनच्या टेट ब्रिटन संग्रहालयात त्यांच्या ब्रिटनमधील कार्याचे प्रदर्शन भरले. अमेरिकन कलावंत रॉबर्ट राउशेनबर्ग व ब्रिटिश कलावंत रिचर्ड हॅमिल्टन यांच्यावर त्यांचा प्रभाव मानला जातो. २०१४ मध्ये लंडन येथील लिलावात त्यांच्या १९२० मधील एका जोडचित्राला १ कोटी ३० लाख पौंडांहून अधिक किंमत मिळाली.