गोठ्याच्या दारात वळू पोचवणारे मणिभाई

माण, खटाव, आटपाडी, जत म्हटलं की डोळ्यांपुढे खिलार उभी राहते. पुसेगाव नाहीतर खरसुंडीच्या यात्रेत बैलजोडी बघायला आजही झुंबड उडते. पण खिलार गाय ओळखली जाते ती बैलासाठी. दूध वासराला पुरून उरलं तर घरात चहापुरतं. पाऊस हुकला की रानही गेलं आणि हातात रोजचा पैसाही नाही. आज याच तालुक्यांत सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर कॅन घेऊन रांग लागते. या बदलामागच्या माणसांत मोठं नाव आहे मणिभाई देसाई यांचं.

मणिभाई मूळचे गुजरातचे. २७ एप्रिल १९२० रोजी सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावी जन्म. विज्ञान शिकले, १९४२ च्या चळवळीत उतरले, तुरुंगात गेले. मार्च १९४६ मध्ये महात्मा गांधी पुणे जिल्ह्यात उरुळीकांचनला आले आणि तिथे निसर्गोपचाराचं काम सुरू झालं. गांधीजी काही दिवसांत पुढे गेले. मणिभाई मात्र राहिले ते कायमचे.

ते पशुवैद्य नव्हते. आश्रमासाठी गीर गायी आणल्या आणि गोठ्यातच शिकत गेले. चारा, निगा आणि दूध यांच्या नोंदी ठेवताना त्यांना एक गोष्ट पटली. गरिबाच्या दावणीची गाय सुधारायची तर चांगला वळू पाहिजे. पण असा वळू पोसणं गरिबाला झेपत नाही.

उत्तर विज्ञानात होतं. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की ग्लिसरीन मिसळलं तर शुक्रपेशी गोठवूनही जिवंत राहतात. पुढे याच वाटेने वळूचं वीर्य साठवता येऊ लागलं. आधी सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रपेशींची हालचाल तपासायची, मग वीर्य पातळ करून बारीक कांड्यांत भरायचं आणि उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवायचं. एका वेळच्या वीर्यातून शेकडो कांड्या होतात, आणि त्या वर्षानुवर्षं टिकतात.

१९६७ मध्ये मणिभाईंनी 'बाएफ' ही संस्था उभी केली. गोठीत वीर्याची प्रयोगशाळा, वळूंचं केंद्र, संशोधन, सगळं उरुळीकांचनला आलं. जर्सी आणि होल्स्टीन वळूंचं रेतन गावठी गायींना होऊ लागलं. पण त्यांचं खरं मोठेपण पुढच्या पायरीत आहे. त्यांनी शेतकऱ्याला गाय घेऊन दवाखान्यात यायला लावलं नाही. नायट्रोजनचं भांडं घेऊन कार्यकर्ताच गोठ्यात जाऊ लागला.

याला कारण होतं. गायीचा माज दिवसभराच्या आतबाहेरच टिकतो. सकाळी माजावर आली तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी आली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. ही वेळ हुकली की गाय उलटते, म्हणजे तीन आठवडे वाया. चालत दवाखाना गाठेपर्यंत हीच वेळ निघून जायची.

१९६८ मध्ये त्यांना पद्मश्री आणि १९८२ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १४ नोव्हेंबर १९९३ रोजी त्यांचं निधन झालं.

संकराला दुसरी बाजूही आहे. संकरित गाय दूध देते, पण तिला उन्हाचा त्रास जास्त, चारा-पाणी आणि औषधपाण्याचा खर्चही जास्त. दुधाचा दर पडला की सगळं गणित कोलमडतं. सरसकट संकर करत गेलं तर खिलारसारखा काटक वाण मागे पडतो, हे आपल्या भागाने पाहिलं आहे. मात्र कांडीला काय, जर्सी काय नि खिलार काय, दोन्ही सारखेच. जातिवंत खिलार वळूचं वीर्यही तसंच जपता येतं. कांडीत कोणता वळू हवा, हे गाय माजावर येण्याआधीच घरात ठरवून ठेवा. दारात विज्ञान आणून ठेवणाऱ्या मणिभाईंनी निवड मात्र गोठ्याच्या मालकाच्या हाती ठेवली आहे.