ब्लॅकबेरी पेरणारा भला माणूस

लहानपणी मामाच्या गावाहून परतताना मी जलपर्णीचे एक रोप बादलीत घालून आणले आणि आमच्या गावतळ्यात सोडले. तिची जांभळी फुले मला फार आवडली होती. तीन-चार पावसाळ्यांत तळ्याचे पाणी दिसेनासे झाले. पुढे फर्डिनांड फॉन म्युलर यांच्याविषयी वाचले, तेव्हा हा परका माणूस मला एकदम जवळचा वाटला.

म्युलर यांचा जन्म १८२५ मध्ये जर्मनीतल्या रोस्टॉकचा. आई-वडील लवकर गेले. प्रकृतीला उबदार हवा हवी म्हणून दोन बहिणींना घेऊन ते १८४७ साली ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला उतरले. १८५३ मध्ये व्हिक्टोरिया वसाहतीचे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ झाले आणि १८९६ मध्ये मरेपर्यंत त्या पदावर राहिले. घोड्यावरून हजारो मैल हिंडून त्यांनी तिथल्या असंख्य झाडाझुडपांना शास्त्रीय नावे दिली. मेलबर्नची वनस्पती-बाग वाढवली. पण लोकांना हिरवळ आणि फुलांचे ताटवे हवे होते, म्हणून १८७३ मध्ये बाग त्यांच्या हातून काढून घेतली गेली. लग्न केले नाही. युरोपात पुन्हा कधी पाऊल ठेवले नाही.

हाच माणूस प्रवासात ओढ्याकाठी युरोपातल्या ब्लॅकबेरीचे बी टाकत जाई. हेतू एवढाच, की पुढे कधी उपाशी वाटसरूला फळ मिळावे. ब्लॅकबेरी आणणारे ते एकटे नव्हते. परदेशी वनस्पती-प्राणी रुजवणे हे त्या काळी पुण्यकर्मच मानले जाई. फळे पक्ष्यांनी खाल्ली, शिकारीसाठी आणलेल्या कोल्ह्यांनी खाल्ली आणि बी रानोमाळ पसरले. टेकलेली फांदी जमिनीत मूळ धरते, त्यामुळे एका झुडपाची जाळी होते. त्या काटेरी जाळीत सशांना आयता आसरा मिळाला, तेही बाहेरचेच. देशी रोपे मात्र सावलीत गुदमरली. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाने देशातल्या सर्वांत घातक तणांची यादी केली, तीत ब्लॅकबेरी आहे.

ऑस्ट्रेलियातल्या वनस्पती म्युलर यांच्याइतक्या त्या काळी क्वचितच कोणाला ठाऊक असतील. नाव, पान, फूल सारे माहीत होते. त्या सगळ्यांत एक पाहुणा सोडला तर काय होईल, हे मात्र त्यांना उमगले नाही. मग दहा वर्षांच्या पोराचे काय!

आमचे तळे गावाने दोनदा उपसले. दोन्ही वेळा मी घमेली वाहिली. ती जलपर्णी कोणी आणली, हे मात्र गावात कधी बोललो नव्हतो. आज लिहितो आहे.