कड्यांखालच्या लाटा आणि ड्यूक कहानामोकू

दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरोना डेल मार हा किनारा दिसायला देखणा, पण स्वभावाने दगाबाज. मागे पिवळसर मातीचे उभे कडे, त्यांच्या पायथ्याशी वाळूची पुळण आणि शेजारीच न्यूपोर्ट बंदराचे अरुंद तोंड. बंदराच्या मुखाशी पाण्याखाली वाळूचा बांध साचलेला असे. समुद्र शांत असला की होड्या त्यावरून सहज ये-जा करीत. दक्षिणेकडून मोठ्या लाटा आल्या की त्याच बांधावर पाण्याच्या भिंती उभ्या राहून कोसळत. १४ जून १९२५ च्या सकाळी अशाच लाटा फुटत होत्या. हौशी मासेमारांना घेऊन निघालेली ‘थेल्मा’ नावाची बोट या भिंतींमध्ये सापडली आणि उलटली. बोटीवर सतरा माणसे होती.

किनाऱ्यावर त्या वेळी काही तरुण सर्फिंगच्या तयारीत होते. त्यांच्यात पस्तिशीला टेकलेला, उंचापुरा, सावळ्या वर्णाचा एक हवाईयन होता. त्याच्या नावावर ऑलिंपिकची तीन सुवर्णपदके जमा होती, आणि पोट भरण्यासाठी तो हॉलिवूडमध्ये मिळतील ती किरकोळ कामे करीत होता. त्याचे नाव ड्यूक पाओआ कहानामोकू.

‘ड्यूक’ ही पदवी नव्हे, नाव. १८६९ मध्ये ब्रिटनचा राजपुत्र ड्यूक ऑफ एडिंबरा हवाई बेटांवर आला होता. त्या भेटीची आठवण म्हणून वडिलांचे नाव ड्यूक ठेवण्यात आले आणि तेच थोरल्या मुलाकडे आले. त्याचा जन्म २४ ऑगस्ट १८९० चा, होनोलुलूचा. वडील पोलिस खात्यात. सहा भाऊ, तीन बहिणी असा मोठा खटला. हवाई तेव्हा स्वतंत्र राज्य होते, पण अखेरच्या घटका मोजत होते. ड्यूक अडीच वर्षांचा असताना, १८९३ मध्ये, राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत करण्यात आले आणि १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे आपल्या राज्यास जोडली. बाहेरून आलेल्या रोगांनी मूळ हवाईयन समाज खंगला होता. ड्यूकच्या जन्मवर्षी झालेल्या जनगणनेत मिश्र रक्ताचे धरूनही ते जेमतेम चाळीस हजार उरले होते. लाटेवर फळी घालून उभे राहण्याची त्यांची शतकानुशतकांची कलाही मिशनऱ्यांच्या नापसंतीमुळे आणि समाजाच्या पडझडीमुळे क्षीण झाली होती. ती नष्ट झाली नाही, याचे श्रेय वैकिकीच्या किनाऱ्यावर वाढलेल्या ड्यूकसारख्या मुलांना द्यावे लागेल.

शाळा अर्धवट सुटली. दिवस समुद्रात जात. विसाव्या शतकाच्या आरंभी वैकिकीवर गोऱ्यांचा आउटरिगर कनू क्लब निघाला. ड्यूक आणि त्याच्या हवाईयन मित्रांनी ‘हुई नालू’ म्हणजे लाटांची मंडळी नावाचा स्वतःचा गट केला. पोहण्याचे प्रशिक्षण असे त्याला कोणी दिलेच नव्हते. १२ ऑगस्ट १९११ रोजी होनोलुलूच्या बंदरात, गोदीच्या पाण्यात आखलेल्या मार्गावर तो शंभर यार्ड पोहला आणि घड्याळाने ५५.४ सेकंद दाखवले. तेव्हाच्या विश्वविक्रमापेक्षा ही वेळ तब्बल ४.६ सेकंदांनी कमी होती. मुख्य भूमीवरील हौशी क्रीडा संघटनेने विक्रम मान्य करण्यास नकार दिला. पाण्याच्या ओढीने मदत केली असेल, घड्याळे चुकीची असतील, असा त्यांचा संशय होता. दूरच्या बेटावरचा एक अनोळखी मुलगा इतका वेगवान असू शकतो, हे त्यांच्या पचनी पडणे अवघड होते.

उत्तर पुढच्याच वर्षी मिळाले. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक ड्यूकने जिंकले. मात्र ते त्याच्या हातून जवळजवळ निसटलेच होते. गैरसमजातून अमेरिकन जलतरणपटू उपांत्य शर्यतीला हजरच राहिले नाहीत. नियमाने ते बाद होते. पण ऑस्ट्रेलियाच्या सेसिल हीलीने, ज्याचा यात थेट फायदा होता, त्यांना आणखी एक संधी मिळावी असा आग्रह धरला. वेगळी शर्यत घेण्यात आली. अंतिम फेरीत ड्यूक पहिला आणि हीली दुसरा आला. सहा वर्षांनी पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या भूमीवर हीली मारला गेला. खेळाच्या इतिहासात अशा माणसांची नोंद विजेत्यांइतक्या ठळक अक्षरांत होत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

ऑस्ट्रेलियाशी जुळलेले हे नाते १९१४ च्या डिसेंबरात ड्यूकला सिडनीला घेऊन गेले. निमंत्रण पोहण्याच्या शर्यतींचे होते आणि त्या त्याने गाजवल्याही. २ जानेवारी १९१५ रोजी डोमेन बाथ्समध्ये त्याने शंभर यार्डांचा विश्वविक्रम ५३.८ सेकंदांवर आणला. पण त्या दौऱ्यातील हा विक्रम आज फारसा कोणाला आठवत नाही. आठवते ती फ्रेशवॉटरची पुळण.

सिडनीच्या उत्तरेस मॅन्लीच्या पलीकडे हा छोटा किनारा आहे. दोन्ही बाजूंना वालुकाश्माचे कडे समुद्रात शिरलेले आणि मध्ये वाळूची चंद्रकोर. ड्यूकने स्वतःची फळी आणली नव्हती. त्याने स्थानिक वखारीतून शुगर पाइन जातीचे लाकूड घेतले आणि तासून-घासून साधारण पावणेनऊ फुटांची फळी तयार केली. अखंड लाकडाची आणि वजनाला दोन माणसांनी उचलावी अशी. आजच्या फळ्यांना मागे कल्ले असतात, ते तिला नव्हते. वळवायची ती पायांच्या दाबाने आणि शरीराच्या कलाने.

वैकिकीच्या लाटा आणि या लाटा यांत मोठा फरक होता. वैकिकीला तळाशी प्रवाळ आहे. प्रवाळ जागचे हलत नाही, त्यामुळे लाट रोज त्याच ठिकाणी उठते आणि लांबवर सावकाश धावते. वाळूच्या किनाऱ्याचे तसे नसते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीच्या आसपास आली की लाट फुटते. आणि वाळूचा उंचवटा प्रत्येक वादळानंतर जागा बदलतो. काल जिथे सुंदर उतरती लाट होती, तिथे आज ती टोकापासून टोकापर्यंत एकदम कोसळते आणि स्वाराला वाळूवर आपटते. दोन उंचवट्यांमधल्या खोलगट भागातून किनाऱ्यावर आलेले पाणी जोराने परत समुद्राकडे धावते. नवख्याला हीच ओढ बुडवते. जाणता माणूस मात्र तिच्यावर फळी टाकून विनासायास लाटांपलीकडे पोहोचतो. कड्यांच्या कुशीत हे परतीचे पाणी बऱ्याचदा खडकाला चिकटून वाहते. थोडक्यात, अशा किनाऱ्यावर आधी पाणी वाचावे लागते.

ड्यूकला ते वाचता येत होते. किनारा नवा, फळी नवी, लाटा नव्या. तरी तो पालथा पडून हातांनी पाणी मारीत बाहेर गेला, वळला आणि उभा राहून आला. किनाऱ्याशी समांतर तिरका धावला, फळीवर डोक्यावर उभा राहिला. आधी पत्रकारांसाठी आणि मग जानेवारीत मोठ्या गर्दीसमोर त्याने हे करून दाखवले. त्याच उन्हाळ्यात इसाबेल लेथम या पंधरा वर्षांच्या मुलीला त्याने आपल्यापुढे उभे करून लाटेवरून आणले. ऑस्ट्रेलियात सर्फिंग ड्यूकनेच नेले असे सरसकट लिहिले जाते, ते काटेकोरपणे खरे नाही. त्याच्या आधीही तिथे हवाईची फळी पोहोचली होती आणि काहींनी प्रयत्न केले होते. पण फळीने काय काय करता येते, हे हजारो डोळ्यांना दिसले ते त्या उन्हाळ्यात. जाताना ती फळी त्याने क्लॉड वेस्ट या स्थानिक मुलाला दिली. वेस्ट पुढे देशातला नामांकित सर्फर झाला आणि ती फळी अखेर फ्रेशवॉटरच्या जीवरक्षक क्लबकडे आली.

१९१६ चे ऑलिंपिक युद्धाने गिळले. खेळाडूच्या आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षे अशी गेली. तरीही १९२० मध्ये अँटवर्प येथे, आपल्या तिसाव्या वाढदिवशी, ड्यूकने शंभर मीटरची शर्यत पुन्हा जिंकली. तक्रारीमुळे ती पुन्हा घ्यावी लागली, तीही त्यानेच जिंकली. रिले शर्यतीचे सुवर्णपदक वेगळे. १९२४ मध्ये पॅरिसला तो जॉनी वाइसमुलर या कोवळ्या पोरामागे दुसरा आला, आणि तिसरा होता त्याचाच धाकटा भाऊ सॅम.

पदकांनी चूल पेटत नव्हती. हौशी खेळाडूंसाठीचे नियम इतके कडक होते की पोहण्यातून एक डॉलर घेतला तरी कारकीर्द संपे. हॉलिवूडने त्याला घेतले, पण टोळीप्रमुख, चाचे, नोकर अशा मिनिटभराच्या भूमिकांसाठी. त्याला पाण्यात हरवणारा वाइसमुलर १९३२ मध्ये टारझन झाला. गोऱ्या नायकाच्या त्या काळात ड्यूकच्या वर्णाच्या माणसाला नायकाची भूमिका मिळणे शक्य नव्हते, हे उघड आहे.

कोरोना डेल मारची ती सकाळ या वर्षांतली. थेल्मा उलटताना दिसताच ड्यूक फळी घेऊन पाण्यात शिरला. सोबतीही निघाले. त्या लाटांत पोहत जाणारा माणूस स्वतःलाच वाचवू शकला नसता आणि वल्ह्यांची होडी उभीच राहिली नसती. जड फळी मात्र फेसातही तरंगत होती, आणि दमलेल्या, कपड्यांनी जड झालेल्या माणसाला पकडायला ती हक्काचा आधार होती. बुडणाऱ्याला फळीवर ओढायचे, त्याला धरून कोसळणाऱ्या पाण्यातून किनारा गाठायचा आणि तसेच परत फिरायचे, असे ड्यूकने पुन्हा पुन्हा केले. बारा जण वाचले. त्यातले आठ एकट्या ड्यूकने आणले. पाच जण बुडाले. न्यूपोर्टच्या पोलिसप्रमुखांनी हे मानवी शक्तीपलीकडचे काम असल्याचे जाहीरपणे सांगितले. ड्यूकने स्वतः याचे भांडवल कधी केले नाही. सर्फिंगची फळी हे जीवरक्षणाचे साधन आहे, हे मात्र या घटनेने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला पटवून दिले.

त्या लाटाही पुढे टिकल्या नाहीत. १९२८ मध्ये तिथे पॅसिफिक किनाऱ्याची सर्फिंग स्पर्धा भरली होती. पण बोटींना सुरक्षित वाट हवी म्हणून तीसच्या दशकात बंदराचे तोंड खोल करून दगडी बांध वाढवले गेले आणि उत्तम लाटांची ती जागा संपली. थेल्माचे स्मरण ठेवणाऱ्या कोणालाही या निर्णयाला दोष देता येणार नाही.

ड्यूक होनोलुलूला परतला तेव्हा जगप्रसिद्ध होता आणि बेकारही. त्याने नगरभवनाच्या इमारतीची देखभाल केली, पेट्रोल पंप चालवले. १९३४ मध्ये तो होनोलुलूचा शेरीफ म्हणून निवडून आला आणि मग पंचवीसहून अधिक वर्षे मतदार त्याला निवडून देत राहिले. पगार बेताचा, अधिकार हळूहळू आटत गेलेले. येणाऱ्या बड्या पाहुण्यांच्या गळ्यात फुलांची माळ घालणे हे काम मात्र वाढत गेले. १९४० मध्ये नृत्यशिक्षिका नदीन अलेक्झांडर हिच्याशी त्याचा विवाह झाला. शेरीफपद रद्द झाल्यावर सत्तरीतल्या ड्यूकपुढे पुन्हा उत्पन्नाचा प्रश्न उभा राहिला. तेव्हा एका व्यावसायिकाने त्याच्या नावाने उपाहारगृह, कपडे असा व्यवहार उभा केला. साठच्या दशकात होनोलुलूला येणाऱ्या पर्यटकांनी ड्यूकचे नाव शर्टांवर पाहिले. त्यातून एक चांगली गोष्ट घडली: १९६५ मध्ये ओआहू बेटाच्या सनसेट बीचवर त्याच्या नावाची सर्फिंग स्पर्धा सुरू झाली. पहिली स्पर्धा सतरा वर्षांच्या जेफ हॅकमनने जिंकली.

२२ जानेवारी १९६८ रोजी वैकिकी यॉट क्लबच्या आवारात हृदयविकाराच्या झटक्याने ड्यूकचे निधन झाले. वय ७७. नावांचा ताफा वैकिकीच्या लाटांपलीकडे गेला आणि त्याच्या अस्थी समुद्रात विसर्जित करण्यात आल्या. सर्फिंगचा ऑलिंपिकमध्ये समावेश व्हावा अशी त्याची जुनी इच्छा होती असे सांगतात. तो २०२१ मध्ये, लांबणीवर पडलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये झाला. शर्यती झाल्या त्या त्सुरिगासाकीच्या वाळूच्या किनाऱ्यावर आणि महिलांचे पहिले सुवर्णपदक जिंकले होनोलुलूच्याच कॅरिसा मूरने.

फ्रेशवॉटरच्या कड्यावर ड्यूकचा पुतळा आहे. तो लाटेवर स्वार आहे. वैकिकीचा पुतळा त्याच्या जन्मशताब्दीला, १९९० मध्ये उभारला गेला. हात पसरलेले, मागे फळी, तोंड रस्त्याकडे. जाणत्या हवाईयनांनी तेव्हाच नाराजी व्यक्त केली होती, कारण ड्यूकने समुद्राकडे पाठ कधीच केली नसती. पुतळा हलवण्यात आला नाही. येणारे-जाणारे त्याच्या पसरलेल्या हातांवर फुलांच्या माळा अडकवून जातात.