शब्दकोशकार जेम्स मरे

इंग्रजी भाषेंतील एखादा अपरिचित शब्द समोर आला म्हणजे दोन अडचणी उभ्या राहतात. त्याचा अर्थ काय, आणि तो उच्चारावा कसा. आपली बाळबोध लिपि ह्या कामीं मोठी प्रामाणिक आहे. इंग्रजीचें तसें नाहीं. म्हणून खेड्यांतील प्रचारकावर चारचौघांत इंग्रजी शब्द उच्चारण्याचा प्रसंग आला म्हणजे तो अडखळतो, आणि कोणी हंसेल ह्या भीतीनें आधींच लाजतो. अशा बंधूंसाठीं आम्ही आज एका शिंप्याच्या मुलाचें चरित्र देत आहों.

जेम्स मरे ह्यांचा जन्म ता. ७ फेब्रुवारी १८३७ रोजीं स्कॉटलंडांतील डेनहोम नांवाच्या खेड्यांत झाला. घरची गरिबी असल्यामुळें चौदाव्या वर्षीं शाळा सुटली. पण शब्दांची भूक कांहीं सुटली नाहीं. गुरें राखावयास गेला म्हणजे हा मुलगा गाईंना लॅटिन भाषेंत हांका मारून पाही. (आमच्याकडील गाई मराठी हांकेलाहि येत नाहींत, ही गोष्ट वेगळी.) सतराव्या वर्षीं तो शाळेंत शिकवूं लागला. १८६२ सालीं लग्न झालें. एक मुलगी झाली, ती तान्हेपणींच गेली. पत्नीची प्रकृति ढासळली, म्हणून हवापालटासाठीं स्कॉटलंड सोडून लंडनास आले व चार्टर्ड बँक ऑफ इंडिया ह्या पेढींत कारकुनी करूं लागले. १८६५ सालीं पत्नीहि वारली. पुढील वर्षीं आपणांस येत असलेल्या भाषांची लांबलचक यादी देऊन त्यांनीं ब्रिटिश म्यूझियममध्यें नोकरीसाठीं अर्ज केला, तो नामंजूर झाला. १८६७ सालीं त्यांनीं एडा रुथव्हेन ह्या बाईशीं विवाह केला, आणि ह्या बाईनें अकरा मुलांचा संसार संभाळून नवऱ्याच्या कामास शेवटपर्यंत हातभार लाविला. १८७० पासून ते मिल हिल येथील शाळेंत शिक्षक होते. मरेसाहेब काँग्रिगेशनल मंडळीचे निष्ठावंत सभासद असून मद्यास शिवत नसत. आमच्या नगर भागांतील अमेरिकन मराठी मिशनच्या जुन्या मंडळ्या मूळच्या ह्याच पंथाच्या.

इंग्रजीचा एक संपूर्ण कोश व्हावा असा विचार लंडनच्या भाषाशास्त्र मंडळानें १८५७ सालीं काढिला होता. पहिला संपादक अकालीं वारला, आणि वीस वर्षें कागद मात्र सांचत राहिले. १८७९ सालीं तें काम मरेसाहेबांकडे आलें तेव्हां चिठ्ठ्यांनीं भरलेलीं पोतीं त्यांच्या दारांत येऊन पडलीं. एका पोत्यांत मेलेला उंदीर निघाला. दुसऱ्यांत उंदरीण आपल्या पिलांसह सुखानें नांदत होती! अंगणांत पत्र्याची खोली बांधून त्यांनीं भिंतींस एक हजारांहून अधिक कप्पे बसविले व काम सुरू केलें. १८८५ सालीं ते ऑक्सफर्डास गेले, तेथेंहि तशीच खोली उभारली. ती जमिनींत कांहींशी खोल असल्यामुळें ओल व गारठा फार. पाय गार पडूं नयेत म्हणून ते एका पेटींत पाय ठेवून लिहीत बसत.

कामाची रीत अशी. देशोदेशींचे वाचक जुनीं नवीं पुस्तकें वाचीत, आणि ज्या वाक्यांत शब्द आला असेल तें वाक्य, ग्रंथाचें नांव व साल चिठ्ठीवर लिहून पाठवीत. मरेसाहेबांचीं मुलें खाऊच्या पैशांसाठीं त्या चिठ्ठ्या वर्णानुक्रमें लावीत. मग शब्द प्रथम केव्हां दिसला आणि पुढें त्याचा अर्थ कसकसा पालटत गेला, हें सालवार मांडिलें जाई. पुस्तकांत अर्थ न सांपडला तर ज्याचें काम त्यास विचारावें हा त्यांचा परिपाठ. वनस्पतीच्या नांवाविषयीं क्यू येथील बागेच्या अधिकाऱ्यास पत्र, नावेच्या नांवाविषयीं न्यूकॅसलच्या धक्क्यावरील व्यापाऱ्यास पत्र, आणि टेनिसन कवीनें शब्द कोठून आणिला असेल तर खुद्द टेनिसनास! दहा वर्षांत कोश पुरा होईल असा अंदाज होता. पांच वर्षांनीं, १८८४ सालीं, पहिला भाग निघाला, त्यांत पहिल्या अक्षराचेहि सगळे शब्द नव्हते.

आतां उच्चाराविषयीं. प्रत्येक शब्दाचा उच्चार दाखविण्यासाठीं त्यांनीं स्वतः चिन्हें योजिलीं. ग्रीक भाषेंतून आलेल्या कित्येक शब्दांच्या आरंभीं प व स हीं अक्षरें जोडून येतात, आणि इंग्रज लोक त्यांतील प गिळून टाकितात. मानसशास्त्रास ते सायकॉलॉजी म्हणतात. ही चाल कोशांत अविद्वत्तेची ठरविली गेली व अशा शास्त्रीय शब्दांत प उच्चारण्यास मुभा ठेविली. स्तोत्र ह्या अर्थाचा साम शब्द मात्र त्यांतून वगळिला, आणि आमच्या मतें तें योग्यच झालें. मंडळीच्या तोंडीं बसलेला शब्द कोण हलविणार? लोकांनीं ती सूचना मानिली नाहीं, व मरेसाहेबांनींहि कोणावर सक्ती केली नाहीं. फुलदाणीस इंग्रजींत जो शब्द आहे तो कोणी व्हाज, कोणी व्हेस, कोणी व्हेज, तर कोणी व्हॉज असा उच्चारितो. ह्यांतला खरा कोणता, असें त्यांस विचारिलें असतां त्यांचें म्हणणें असें पडलें कीं, आपण सारे एकसारखे चालत नाहीं, जेवत नाहीं, विचारहि करीत नाहीं. तेव्हां बोलणें समजलें व त्याची शोभा राहिली म्हणजे झालें. वाचकहो, ज्याच्या हातीं साऱ्या इंग्रजी शब्दांची किल्ली होती, त्याचा हा निकाल आहे.

अशा माणसाच्याहि हातून दोन शब्द निसटले. अपेंडिसायटिस हा आंतड्याच्या रोगाचा शब्द त्या वेळीं अगदीं नवा होता. वैद्यकांतील एका मोठ्या अधिकाऱ्याच्या सल्ल्यावरून तो १८८५ च्या भागांत घातला नाहीं. पुढें १९०२ सालीं सातव्या एडवर्ड राजास ऐन राज्याभिषेकाच्या दोन दिवस आधीं तोच रोग झाला, समारंभ पुढें ढकलावा लागला, शब्द घरोघर झाला, आणि कोशांत पाहावा तर नाहीं. दुसरा शब्द बॉंडमेड, म्हणजे दासी. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या चवथ्या अध्यायांत हागारेविषयीं इंग्रजी शास्त्रांत हाच शब्द आहे. त्याच्या चिठ्ठ्या पुस्तकांच्या ढिगामागें पडल्या, आणि तो भाग छापून गेल्यावर सांपडल्या. इतक्या जणांच्या नजरेखालून मजकूर गेला, पण दासी नाहीं हें एकाच्याहि ध्यानांत आलें नाहीं. रोज शास्त्र वाचणाऱ्या मरेसाहेबांस ही चूक फार लागली असेल, असें आम्हांस वाटतें.

१९०८ सालीं त्यांस सर ही पदवी मिळाली. ता. २६ जुलै १९१५ रोजीं ते प्रभूकडे गेले. तेव्हां काम टी ह्या अक्षरापर्यंत आलें होतें, आणि सुमारें अर्धा कोश त्यांच्या हातचा होता. उरलेला सहकाऱ्यांनीं १९२८ सालीं पुरा केला. त्यांत ४,१४,८२५ शब्द भरले. १९३३ सालीं पुरवणी निघाली, तींत राजाचा रोग व हागारेचें नांव हीं दोन्ही आलीं.