बुद्धिबळाला शब्द देणारा राजा : दहावा अल्फोन्सो



बुद्धिबळाच्या पटावर आपण शह देतो आणि अखेरीस मात करतो. स्पेनमधला मुलगा हाच डाव खेळताना 'खाके' म्हणतो आणि शेवटी 'खाके माते' म्हणून डाव संपवतो. कोठे आपले वाशीम आणि कोठे स्पेन! मग हे शब्द सख्ख्या भावंडांसारखे कसे? याचे उत्तर ज्या राजाच्या चरित्रात सापडते, त्याची ओळख आज करून घेऊ या.

कॅस्टीलचा राजा दहावा अल्फोन्सो याचा जन्म 1221 साली टोलेडो येथे झाला. हे शहर 1085 मध्येच ख्रिस्ती राजांच्या हाती गेले होते. पण तेथील अरबी ग्रंथ आणि ते जाणणारे पंडित शहरातच राहिले होते. अल्फोन्सोच्या पित्याने 1248 मध्ये सेव्हिल जिंकले. युद्ध चालू होते, तरी ज्यांच्याशी लढायचे त्यांच्या विद्येला या राजपुत्राने परके मानले नाही. 1251 च्या सुमारास त्याने 'कलीला व दिम्ना' हा अरबी कथाग्रंथ कॅस्टिलियन भाषेत आणविला. या कथांचे मूळ आपले पंचतंत्र, हे तुम्हांला ठाऊक असेलच.

1252 मध्ये तो गादीवर आला. 1254 मध्ये त्याने सेव्हिलला लॅटिन आणि अरबी भाषांच्या अध्ययनाची सोय केली. त्याच्या दरबारी ख्रिस्ती, यहुदी आणि मुसलमान विद्वानांच्या ज्ञानाला मान होता. पित्याच्या समाधीवरील लेख लॅटिन, कॅस्टिलियन, अरबी आणि हिब्रू अशा चार भाषांत आहे. विद्वानांची भाषा लॅटिन असताना त्याने ग्रंथ लोकांच्या बोलीत लिहविले. आपल्या वाशीमचा, म्हणजे प्राचीन वत्सगुल्माचा, वाकाटक राजा सर्वसेन यानेही 'हरिविजय' हे काव्य संस्कृतात न रचता प्राकृतात रचले होते, हे येथे आठवते.

परंतु चरित्र सांगताना उणी बाजू झाकू नये. 1264 मध्ये त्याच्या मुसलमान प्रजेने उठाव केला. तो मोडल्यावर अनेक कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्यांचे घरदार सोडून जावे लागले. सम्राटपदाच्या हव्यासापायी त्याने खजिना रिता केला आणि 1275 मध्ये तो नाद सोडावा लागला. त्याच वर्षी थोरला मुलगा वारला. 1282 मध्ये दुसऱ्या मुलाने, सांचोने, बंड केले. राज्याचा बहुतेक भाग हातचा गेला. सेव्हिल मात्र एकनिष्ठ राहिले.

अशा पडत्या काळात, 1283 साली, सेव्हिल येथे त्याचा खेळांवरील ग्रंथ पुरा झाला. त्यात बुद्धिबळाचे 103 डाव आहेत आणि त्यांतील बहुसंख्य अरबी परंपरेतले आहेत. आरंभीची कथा हिंदुस्थानच्या एका राजाची आहे. एका चित्रात तंबूत बसून एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती शांतपणे डाव खेळताना दिसतात. पुढल्याच वर्षी, 4 एप्रिल 1284 रोजी, राजा निवर्तला. ग्रंथ मात्र स्पेनमधील एस्कोरियल येथे जपून ठेवलेला आहे.

आता शब्दांकडे वळू. आपल्या 'चतुरंग'चे इराणात 'चतरंग' झाले, अरबांनी 'शतरंज' केले आणि स्पॅनिशमध्ये ते 'आखेद्रेथ' झाले. 'शाह'चे 'खाके' झाले. अरबी 'अल्-फील' म्हणजे हत्ती; स्पॅनिशमध्ये तो 'आल्फिल' होऊन बसला. पण गंमत पाहा, तिकडचा आल्फिल तिरपा चालतो, म्हणजे तो आपला उंट! आपल्या हत्तीला त्या ग्रंथात 'रोके' म्हटले आहे. हा अरबी 'रुख'. आज त्याला 'तोर्रे', म्हणजे बुरूज, म्हणतात. पण राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलविण्याच्या 'एन्रोके' या शब्दात जुना रुख अजून जिवंत आहे. वजिराला तेव्हा 'आल्फेर्सा' म्हणत, अरबी 'फिर्झान'वरून. पुढे त्याची 'दामा', म्हणजे बाई, झाली. आपले 'प्यादे' आणि त्यांचे 'पेओन' यांचा अर्थ एकच : पायी चालणारा शिपाई. बरोबरीत सुटलेल्या डावाला ते 'ताब्लास' म्हणतात.

मित्रहो, दहा-बारा शब्द झाले आणि त्यांतील निम्मे तुमच्या घरचेच निघाले! नवी भाषा ही अशी असते. दुरून ती भिंत वाटते. जवळ गेल्यावर तिच्यात ओळखीचे दरवाजे सापडतात. घरात उर्दू, बाजारात मराठी आणि वर्गात इंग्रजी हे ओझे आहे, असे पालकांनी समजू नये. मुलाजवळ तीन किल्ल्या आहेत, चौथी त्याला सहज घडविता येईल.

अल्फोन्सोने तलवारीने राखू पाहिलेले राज्य त्याच्या डोळ्यांदेखत गेले. दुसऱ्याच्या भाषेतून त्याने आदराने घेतलेले शब्द मात्र सातशे वर्षांनंतरही पटावर रोज बोलले जातात. कोणती कमाई टिकते, याचा विचार तुम्हीच करा.