उजेडाला बाक नसतो

मी जुन्नर तालुक्यातल्या एका बँकशाखेत होतो. बाजाराच्या दिवशी माणसे पितळी टोकन घेऊन बाकावर बसत. खिडकी एक, माणसे अनेक. बाक किती ठेवायचे? हे कोडे गणितात सोडवणारे गृहस्थ होते डेन्मार्कचे आग्नर क्रारूप एर्लांग.

१ जानेवारी १८७८ रोजी ते एका शाळामास्तरांच्या घरी जन्मले. कोपनहेगनला गणित शिकले, काही वर्षे शिकवले आणि १९०८ साली तिथल्या टेलिफोन कंपनीत लागले. फोन अवचित येतात, तरी त्यांच्या गर्दीला नियम असतो, हे त्यांनी १९०९ साली दाखवले. इतक्या तारांवर किती जणांना नकार मिळेल, किती जण ताटकळतील, याची सूत्रे १९१७ साली मांडली. ते अविवाहित राहिले. १९२९ साली, ५१व्या वर्षी वारले. टेलिफोनच्या वर्दळीचे माप आज त्यांच्याच नावाने ओळखतात.

आमच्या खोडदच्या दुर्बिणीत ३० अँटेनांचे संदेश ऑप्टिकल फायबरमधून उजेडाच्या रूपात येतात. आधी पोचलेल्यांना मागच्यांसाठी थांबवतात, पण उजेडाची वीज केल्यावर. उजेड बाकावर बसत नाही ना! निव्वळ उजेडावर चालणाऱ्या जाळ्यात माहितीचे दोन गठ्ठे एकाच वाटेवर आले, तर एकाचा रंग बदलतात, त्याला आडवाटेने धाडतात, नाहीतर फायबरच्या वेटोळ्यात फिरवतात. मायक्रोसेकंदभर थांबवायला सुमारे २०० मीटर फायबर लागते. वेटोळी किती हवीत? प्रश्न एर्लांग यांचाच. जागा कमी पडली, तर गठ्ठा हरवतो. आमच्या बाकावरचा माणूस निदान उभा तरी राही.